मालिकेतली बायको आणि मोंढ्यातला नवरा

प्रश्न : डॉक्टरबाई, मी औसा तालुक्यातली. वय २९, एक मुलगी आहे, दुसरीत शिकते. मालकांचं मोंढ्यात आडतीचं दुकान आहे. दिवाळीपासून त्यांचं कशातच मन नाही. पहाटे तीनला जाग येते, मग नुसते छताकडे बघत पडतात. दिवसभर थकल्यासारखे असतात, हिशेबात लक्ष लागत नाही म्हणून दुकान मुनीमावर सोडलंय. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, सगळे शेतात गेलो, कोपीपुढं पंगत बसली. ज्या माणसाला भज्जी-आंबिलीचं एवढं वेड, ते "नको" म्हणून बांधावर जाऊन बसले. लातूरच्या डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या दिल्या. आठ दिवसांत फरक काही नाही, उलट मळमळ. घरात सगळे म्हणाले, झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागेल. बंद केल्या. सासूबाई रोज रात्री एक मालिका बघतात. तिच्यात नायकाचा धंदा बुडतो, तो खोलीत कोंडून घेतो. मग बायको त्याच्यासाठी गाणं म्हणते, जुने फोटो दाखवते, हाताला धरून पावसात नेते आणि तो हसतो. सासूबाई मला म्हणतात, "बघ, तिनं कसं नवऱ्याला माणसात आणलं. तुला का जमंना?" मीही सगळं करून बघितलं. माझंच प्रेम कमी पडतंय का? परवा ते म्हणाले, "मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं."
— एक वाचक, जिल्हा लातूर

उत्तर : ताई, पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेऊ, मालिका मग.

"बोलणारा माणूस तसं करत नसतो," असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. ते मनावर घेऊ नका. आज मुलगी झोपली की त्यांना सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, कुणीतरी विचारलं याचं बऱ्याच जणांना हायसं वाटतं. "हो" म्हणाले किंवा नुसतेच गप्प राहिले, तर त्यांना एकटं सोडायचं नाही आणि उजाडायची वाट न बघता दवाखाना गाठायचा. फवारणीची औषधं घरात, कोपीत, दुकानात जिथं कुठं असतील तिथून उचलून दुसऱ्या कुणाच्या तरी कुलपात ठेवा. गोळ्यांचं पाकीट तुमच्याजवळ ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात आणि घरच्या माणसानं फोन केला तरी चालतो.

आता मालिका. मीही बघते. घरी रिमोट आईच्या ताब्यात असतो, आणि ओपीडीत येणारी बरीच मंडळी मालिकेच्याच भाषेत बोलतात म्हणून ते कामीही येतं. त्यातला डॉक्टर तुम्ही पाहिला असेल. गळ्यात स्टेथोस्कोप, खोलीतून बाहेर येतो, चष्मा काढतो, "यांना धक्का बसलाय, यांना आनंदात ठेवा" म्हणतो आणि जातो तो पुन्हा दिसत नाही. पुढची तारीख नाही, डोस बदलणं नाही, थायरॉइड-हिमोग्लोबिनची तपासणी नाही, मेडिकलपुढची रांग नाही. उरलेला सगळा आजार बायकोच्या गळ्यात. यात कुणाचं कारस्थान नाही म्हणा. पडद्याच्या हिशेबानं डिप्रेशन हा फार कंटाळवाणा आजार आहे. भिंतीकडं तोंड करून पडलेला माणूस दीड महिना दाखवला तर टीआरपी कोण देणार? म्हणून आजाराला एक कारण चिकटवायचं, एक पाऊस पाडायचा आणि शनिवारच्या भागात माणूस बरा करायचा. खऱ्या आजाराला कधी कारण असतं, कधी शोधूनही सापडत नाही. सोयाबीनचा भाव पडला म्हणून मोंढ्यातले सगळेच आडते आजारी पडत नाहीत, आणि उद्या भाव चढला म्हणून तुमचे मालक उठून दुकानात जातील असंही नाही.

शिवाय पडद्यावरचं डिप्रेशन रडतं. केस मोकळे, डोळ्यांत ग्लिसरीन. आपल्याकडचे पुरुष माझ्यासमोर रडत येत नाहीत. डोकं दुखतं, अंग जड पडतं, पोटात गॅस धरतो म्हणत येतात. घरात चिडचिड करतात, काही बाटलीकडं वळतात. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज मन उदास किंवा कशातच गोडी नाही, सोबत झोप आणि भूक बिघडलेली, थकवा, कामात लक्ष नाही, आपण घराला ओझं झालोय असं वाटणं, यातलं बरंचसं एकत्र आलं की आम्ही त्याला आजार म्हणतो. तुमच्या पत्रात जवळपास सगळं आहे. पहाटे तीनची जाग तर अगदी पुस्तकातली. आणि येळवशीची भज्जी "नको" म्हणणारा लातूरकर समोर आला की मी पेन बाजूला ठेवून नीट ऐकायला लागते! आणखी एक गोष्ट सासूबाईंना मुद्दाम सांगा. अशी माणसं बऱ्याचदा सकाळी फार खचलेली असतात आणि दिवस कलला की थोडी उघडतात. संध्याकाळी पाहुण्याशी चार शब्द बोलले की घरात लगेच सुरू, "बघा, सकाळी नाटक करत होता." नाटक नसतं ते, या आजाराची रीतच तशी आहे.

राहिला तुमचा प्रश्न, प्रेम कमी पडतंय का. टीव्हीनं अशा नात्यात बायकोला दोनच जागा ठेवल्यात. माणूस बरा झाला तर ती सावित्री, नाही झाला तर आरोपी. मालिकेपुरतं असतं तर हसून सोडलं असतं. जून २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत गेला, तेव्हा बातम्यांच्या वाहिन्यांनी कितीतरी महिने त्याच्या मैत्रिणीवर स्टुडिओतच खटला चालवला. सीबीआयनं २०२५ मध्ये तपास बंद करण्याचा अहवाल दिला, त्याला तेवढा आवाज कुणी दिला नाही. आणि त्याच टीव्हीवर २०१५ मध्ये दीपिका पदुकोण स्वतःच्या डिप्रेशनबद्दल बोलली होती. त्या सगळ्यात मला महत्त्वाची वाटते तिची आई. लेकीचं हे रडणं नेहमीचं नाही एवढं तिनं ओळखलं आणि मदत घ्यायला लावली. पुढचं काम उपचार करणाऱ्यांचं. तुम्ही नवऱ्याला लातूरला नेलंत, तेव्हा तुमच्याकडून हे झालेलंच आहे. आता फक्त परत न्यायचंय.

गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पुरता यायला सहा-आठ. मळमळ, पोट बिघडणं मात्र पहिल्याच आठवड्यात होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. म्हणजे त्रास आधी, गुण मागून. माणसं गोळ्या सोडतात ती नेमकी या मधल्या दिवसांत. सोयाबीन पेरून आठव्या दिवशी शेंगा मोजायला कुणी जातं का? डिप्रेशनच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांची दारूसारखी तलब लागत नाही. पण आपल्या मनानं एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी होते. सुरुवातीला डॉक्टर कधी थोड्या दिवसांसाठी झोपेची वेगळी गोळी देतात, ती कोणती आणि किती दिवस, हे विचारून घ्या. बरं वाटल्यावरही, पहिलीच खेप असेल तर, सहा ते नऊ महिने गोळ्या चालू ठेवतात. खर्च जड जात असेल तर लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मानसोपचार विभाग आहे.

घरी गाणी म्हणायचं सोडा. त्यांना रोज लेकीला शाळेत सोडायला पाठवा, किंवा मोंढ्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन चहा पिऊन परत. जमलं तर बरं, नाही जमलं तर त्याचा पंचनामा नको. "हिंमत धरा" आणि "तुम्हाला काय कमी आहे" ही दोन वाक्यं घरात बंद. तुम्ही स्वतः आठवड्यातून एखादा दिवस बहिणीकडं, माहेरी जाऊन या. त्या दिवशी त्यांच्याजवळ कोण थांबेल ते आधी ठरवून. आणि पुढच्या तारखेला सासूबाईंना सोबत न्या. लेकाच्या काळजीनंच त्या बोलतात, आणि सुनेकडून जे ऐकणार नाहीत ते डॉक्टरकडून ऐकतील. "शॉक देतील" अशी त्यांची धास्ती असेल तर सांगा, प्रत्येकाला ते लागत नाही. लागलं तरी मालिकेतल्यासारखं आरडाओरडा करत देत नाहीत; भूल दिल्याशिवाय देण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे.

प्रश्न : माझा साखरपुडा झालाय. दोन वर्षांपूर्वी डिप्रेशन झालं होतं, गोळी अजून चालू आहे, हे मुलीनं साखरपुड्याआधीच मला सांगितलं. माझी हरकत नाही. पण काकांना कुठून तरी कळलं. ते म्हणतात, मालिकेत बघितलं, अशा बायका पुढं घर मोडतात, आणि असं लग्न कायद्यानंही टिकत नाही. खरं काय?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : काका मालिका जरा जास्तच बघतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मनाचा आजार घटस्फोटाच्या कारणांत आहे, पण आजाराचं नुसतं नाव पुरत नाही. सोबत राहण्याची अपेक्षाच ठेवता येऊ नये इतका तो गंभीर असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच सांगितलंय. गोळी घेऊन आपलं रोजचं नीट चालवणारी मुलगी त्यात कुठं बसते? भांडणं होतात ती लपवाछपवीवरून, आणि ती तिनं केलेली नाही. मालिकेत हे गुपित अंतरपाट धरल्यावर फुटतं. तुमच्याकडं ते आधीच बाहेर आलंय.

आजार पुन्हा येऊ शकतो, हे धरून चाला. पहिल्या वेळी सुरुवात कशानं झाली होती, झोप उडाली होती की जेवण तुटलं होतं, हे तिलाच विचारून ठेवा. मूल हवं असेल तेव्हा गोळी आपल्या मनानं बंद न करता आधी मानसोपचारतज्ज्ञाला आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारा. आणि एक अगदी साधं. बस्ता, हळद, लग्न, वरात, वर जागरण-गोंधळ, या गडबडीत झोपही चुकते आणि गोळीही. एक पाकीट तिच्या बॅगेत आणि एक तुमच्या बॅगेत ठेवा.