जुनी फायबर बोट कापून लांब करावी का? वर बसायचा डेक चढवावा का?

तुम्ही विचारलंय की बामणोलीला पर्यटकांसाठी चालवायला 20 फुटी जुनी फायबर बोट मिळतेय, ती मधून कापून 26 फूट करायची आणि वर माणसं बसतील असा डेक बांधायचा, तर एवढा खर्च घालण्यात अर्थ आहे का. मी साताऱ्यात फायबरचं काम करतो, कोयनेच्या बॅकवॉटरवरच्या बोटीही दुरुस्त करतो. बोट जरूर घ्या, पण तिच्या लांबी-उंचीला हात लावू नका. पैसा घालायचाच तर बुडात आणि ट्रान्सममध्ये, म्हणजे मागच्या उभ्या फळीत, घाला.

लांबीचं आधी. बोट वाकायला बघते ती मधोमध, आणि तुम्ही जोड मारणार तोही तिथंच. जुनं पॉलिस्टर रेझिन, म्हणजे फायबरचे काचधागे सांधणारा राळेसारखा द्रव, एकदा पक्कं झालं की नवं रेझिन त्यात मिसळत नाही, घासलेल्या खरबरीत पृष्ठभागाला नुसतं धरून राहतं. म्हणून कडा जाडीच्या 12 पट उताराने घासाव्या लागतात. जाडी 8 मिलीमीटर असेल तर जवळजवळ 10 सेंटिमीटर, तेही अख्ख्या घेराला. शिवाय बुडात आतून लांब पट्ट्या असतात, त्याही कापून पुन्हा सांधायच्या. मजुरी धरून हिशोब मांडा, त्यापेक्षा मोठी सेकंडहँड बोट स्वस्त पडेल.

डेकचं तर नावच काढू नका. दहा माणसं म्हणजे साडेसहाशे किलो, आणि ते पाण्यापासून दोन मीटर वर! खाली बसलेला माणूस बोटीला स्थिर ठेवतो, वर बसलेला तिला कलंडवतो. त्यात तापोळ्याच्या संगमाकडे दुपारचा वारा सुटला आणि सगळे फोटोसाठी एका बाजूला सरकले, की संपलं. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली, तिथं वर डेक नव्हता, तरी नुसती जास्त माणसं भारी पडली.

आता खर्च कुठं करायचा ते. इंजिन टांगतात त्या ट्रान्समवर हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आतलं प्लायवुड कुजलंय. इंजिनचा खालचा बोल्ट काढून बघा. भोकातून तपकिरी पाणी झिरपलं, आंबूस वास आला, तर ट्रान्सम आतून उघडून सगळं प्लाय खरवडून काढायचं आणि मरीन प्लाय इपॉक्सी रेझिनमध्ये बसवायचं. कामही मोठंच आहे, पण याने बोटीचा आकार बदलत नाही. पुढेमागे फोर-स्ट्रोक इंजिन लावायचं म्हटलं तर ते त्याच ताकदीच्या टू-स्ट्रोकपेक्षा जड असतं, तेव्हा हे करावंच लागेल.

उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की बोटी मुरुमावरून ओढतात, त्यात बुडाचा जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, जातो आणि पाणी आतल्या काचधाग्यांच्या मॅटमध्ये शिरतं. एप्रिल-मे महिन्यात बोट उलटी करून चांगली सुकू द्या, मगच रेझिन लावा. ओल्यावर मारलेला थर पुढच्या हंगामात पापुद्र्यासारखा सुटतो.

कागदपत्रांचंही बघा. 1917 च्या जुन्या कायद्याऐवजी आता इनलँड व्हेसल्स ॲक्ट 2021 आहे. नोंदणी असलेल्या बोटीच्या रचनेत मोठा बदल केलात तर तो कळवावा लागतो, पुन्हा सर्व्हेही लागू शकतो. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. विकणाऱ्याकडून नोंदणी आणि सर्व्हेचे कागद व्यवहाराआधीच मागून घ्या.

सावली हवीच असेल तर हलका ॲल्युमिनियमचा पाइप आणि ताडपत्री, तीही बसलेल्या माणसाच्या डोक्याला लागणार नाही एवढीच उंच. बसवल्यावर काठालगत कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, सगळ्यांना एका बाजूला बसवून बघा. काठ पाण्याच्या किती जवळ येतो ते दिसेल. फार जवळ आला तर ताडपत्री उतरवा आणि माणसंही कमी करा.