फोनमधल्या मराठी रेकॉर्डिंगचा मजकूर कसा करायचा?

प्रश्न तासाभराच्या रेकॉर्डिंगचा आहे, म्हणून आधी हे सांगतो: त्याच फोनवर रेकॉर्डिंग लावून कीबोर्डचा माइक दाबू नका. माइक सुरू झाला की बहुतेक फोन चालू आवाज थांबवतात.

दुसरं उपकरण घ्या. संगणकावर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडा, ‘टूल्स’मधून ‘व्हॉइस टायपिंग’ घ्या, भाषा मराठी निवडा आणि रेकॉर्डिंग लावलेला फोन संगणकाच्या माइकपासून वीतभर अंतरावर ठेवा. मधेच दुसऱ्या टॅबवर गेलात की टायपिंग बंद पडतं आणि ते लक्षातही येत नाही.

मोठ्या फाइलसाठी मात्र व्हिस्पर या आवाजाचा मजकूर करणाऱ्या एआय मॉडेलवर चालणारं ॲप बरं, तिथे फाइल थेट देता येते. भाषा आपोआप ओळखू देऊ नका, स्वतः ‘मराठी’ निवडा. नाहीतर मजकूर कधीकधी हिंदीत उतरतो. हे मॉडेल आवाज ३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचतं आणि लांब शांतता आली की न बोललेलं वाक्य घुसवतं, कधी तेच पुन्हापुन्हा. त्यामुळे रिकाम्या जागा आधी कापा.

आडनावं, आकडे आणि ‘नाही’ असलेली वाक्यं मूळ आवाजाशी ताडून बघाच. ‘येणार नाही’मधला ‘नाही’ गळला तर अर्थच उलटतो.