शेतात राबणाऱ्या आईला त्वचेचा कॅन्सर होऊ नये म्हणून सनस्क्रीन पाठवू का?

आई तासगावकडं द्राक्षबागेत दिवसभर उन्हात असते, चेहरा काळवंडलाय, पुण्याहून कुठलं सनस्क्रीन पाठवू, असं तुम्ही विचारलंय. त्याच भागात माझं औषधाचं दुकान आहे, त्यामुळं ट्यूब विकायला माझी ना नाही. पण आई ती आठ दिवस लावेल आणि मग फ्रीजवर ठेवून देईल.

चेहरा रापणं म्हणजे कॅन्सर नव्हे. आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, उन्हाला बरंच अडवतं, म्हणून गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा आपल्याकडं हा आजार कितीतरी कमी. बागेतल्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालतात, डोक्याला पदर घेतात, ते उत्तमच आहे. ज्यांचं अंग आणि केस जन्मापासूनच पांढरे असतात त्यांनी मात्र उन्हाला खरंच जपायला हवं.

आपल्याकडं हा कॅन्सर पुष्कळदा जुन्या जखमेतून उठतो. वाळव्याकडचे एक काका तरुणपणी गुऱ्हाळावर काहिलीतला रस सांडून पोटरीला भाजले होते. पस्तीस वर्षांनी त्याच व्रणावर जखम झाली. कधी हळद भरायची, कधी माझ्याकडून मलम न्यायचं, असे सात-आठ महिने गेले. ट्यूब मीच देत होतो, आठवलं की अजून लाज वाटते. अखेर पाय गुडघ्याखाली काढावा लागला. भाजल्याच्या व्रणावर कडा जाड झालेली, रक्त येणारी, महिनाभरात न भरणारी जखम दिसली, तर मलम बदलत बसायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं. तळपायावर किंवा नखाखाली वाढत जाणारा काळा डाग असेल तर तोही दाखवायचा. लोक त्याला कुरूप समजतात.

दुसरी जागा कमरेची. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी करकचून बांधली, त्यात घाम आणि घासणं, की आधी काळा पट्टा पडतो, मग खाज, सालपटं. क्वचित तिथंच न भरणारी जखम होते आणि तिचा कॅन्सर होतो. धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या अशा कॅन्सरची नोंद मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचे डॉ. खानोलकर यांनी १९४५ सालीच केली होती. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी नाडीमुळं कॅन्सर झालेल्या दोन वयस्कर बायकांच्या केसेस मांडल्या. उपाय फुकटातला आहे: रुंद पट्टी, सैल गाठ, बांधायची जागा अधूनमधून वर-खाली.

शंका आलीच तर मिरजेच्या सरकारी दवाखान्यात त्वचा विभागात न्या. तिथं तुकडा काढून तपासतात. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ असं पारावर कुणीतरी सांगेलच. ते खोटं आहे. वेळेत सापडलं तर बहुतेकदा तेवढा भाग कापून काढला की काम भागतं.

सनस्क्रीन पाठवायचंच असेल तर एसपीएफ ३० पुरे. पण पुढच्या खेपेला गावी याल तेव्हा आईची कंबर नि तळपाय कुणीतरी बघायला हवेत. ‘मला काय धाड भरलीया’ म्हणून ती उडवून लावेल, आणि लेकासमोर कमरेचा विषय काढणार नाही. ते बहिणीला नाहीतर बायकोला सांगा.