तेल शोधणाऱ्या छोट्या कंपनीत दोन लाख घालावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीतल्या तुमच्या मित्रमंडळींत एका छोट्या तेल कंपनीवरून दोन तट पडलेत. शेअर 40 रुपयांना आहे, बाजारात 18 कोटी शेअर आहेत, जमिनीवरच्या एका ब्लॉकात (तेल शोधायला सरकारनं दिलेल्या पट्ट्यात) कंपनीचा 30 टक्के हिस्सा आहे आणि तिथल्या एका विहिरीत टेस्टला दिवसाला 500 बॅरल तेल लागल्याची बातमी आलीय. तुमचे सर म्हणतात, वर्षभरात चारशे होतो. तंबाखूच्या वखारीतले मामा म्हणतात, आता डिमॅट आहे, रद्दीत घालायला कागदसुद्धा मिळणार नाही. आणि तुमच्याकडं दोन लाख मोकळे आहेत.

मी बेळगावात उद्यमबागेत छोटं मशीन शॉप चालवतो. फौंड्रीतनं कास्टिंग येतात, आम्ही टर्निंग-ड्रिलिंग करून देतो. शेअरचा सल्लागार नाही. पण असाच एक शेअर 2008 च्या जानेवारीत घेऊन अजून बसलोय, म्हणून लिहितो.

तेलाचं नंतर. आधी बोअरचं ऐका.

आमच्या थोरल्या चुलत्यांनी कडोलीच्या रानात बोअर मारायचं काढलं. पाणाड्या आला, तळहातावर नारळ आडवा ठेवून बांधाबांधानं फिरला, नारळ उभा राहिला तिथं चुना टाकला. म्हणाला, "अडीचशे फुटाला लागतंय बघा." अडीचशेला नुसती राखाडी भुकटी उडाली. चारशेपर्यंत गेले, जेमतेम ओल. चुलत्यांचे पैसे तिथंच संपले. दुसऱ्या बोअरला माझ्या वडिलांनी आणि धाकट्या काकांनी पैसे घातले, आणि तीनशे दहाला पाणी लागलं. कॉम्प्रेसरच्या हवेनं फवारा असा उडाला की पोरं भिजून चिंब. नारळ फुटला, कुंदा वाटला. गाडीवाला सांगून गेला, "अडीच इंच लागलंय." मोटर बसली, महिना गेला, तेव्हा ते एक इंचावर आलं. तेही तासभर चालवायचं आणि दोन तास बंद ठेवायचं. आणि जे पाणी थोरल्या चुलत्यांचं एकट्याचं असणार होतं, त्याच्या आता तीन पाळ्या झाल्या होत्या.

पाणाड्या खोटा होता असं मी म्हणत नाही. पाणी होतंच की. तरी चुलत्यांच्या वाट्याला किती आलं ते बघा.

तुमच्या कंपनीची 500 बॅरलची बातमी म्हणजे तो फवारा आहे. टेस्ट काही तासांची किंवा काही दिवसांची असते. खालचा दाब ताजा असतो. पुढं विहीर किती टिकते, तेलाबरोबर पाणी किती यायला लागतं, हे उत्पादन सुरू झाल्यावर कळतं. तरीही सरांच्या बाजूनं धरू, की 500 बॅरल वर्षभर एकसारखे निघाले. एक बॅरल म्हणजे 159 लिटर. वर्षाचे 1,82,500 बॅरल होतात. 70 डॉलर भाव आणि 85 रुपये डॉलर धरला तर साधारण 108 कोटी. त्यात कंपनीचा हिस्सा 30 टक्के, म्हणजे 32 कोटी. जमिनीवरच्या तेलाला साडेबारा टक्के रॉयल्टी धरा, राहिले 28. मग सरकारचा करारातला वाटा, टँकर, पगार, विहिरीची देखभाल, व्याज. आणि 18 कोटी शेअर गुणिले 40 रुपये म्हणजे बाजार या कंपनीला आजच 720 कोटीची धरून बसलाय. चारशे रुपये व्हायचे तर 7,200 कोटी. एका विहिरीवर हे होत नाही, बऱ्याच विहिरी लागतात. त्या विहिरी कोणाच्या पैशानं मारणार?

माझ्या मते अख्खा वाद या एका प्रश्नाचा आहे, आणि तुमचे सर आणि मामा दोघंही तेल आहे की नाही यावरच भांडताहेत.

छोट्या कंपनीकडं विक्री नसते, म्हणून बँक सहसा दारात उभी करत नाही. मग ती नवे शेअर काढते. कधी राइट्स इश्यू, म्हणजे जुन्याच शेअरवाल्यांना नवे शेअर, कधी ओळखीच्या ठरावीक लोकांना प्रेफरेन्शियल, कधी प्रमोटरला वॉरंट, म्हणजे पुढं ठरलेल्या भावानं शेअर घ्यायचा हक्क. वॉरंटला आत्ता फक्त 25 टक्के भरायचे आणि उरलेले 18 महिन्यांत. भाव चढला तर भरायचे, नाही चढला तर ते 25 टक्के सोडून द्यायचे. तुम्हाआम्हाला अशी सोय कुठं असते? शिवाय भागीदारीतल्या ब्लॉकात ऑपरेटर, म्हणजे प्रत्यक्ष काम चालवणारा भागीदार, दुसराच असला तर तो कॅश कॉल पाठवतो: पुढच्या विहिरीचे तुमचे इतके कोटी भरा. नाही भरले तर हिस्सा जायची पाळी येते. म्हणजे थोरल्या चुलत्यांची गोष्टच.

मी घेतला तेव्हा खडेबाजारात सबब्रोकरच्या माडीवर आम्ही सात-आठजण टीव्हीसमोर बसायचो. शेअर रोज अप्पर सर्किटला, म्हणजे दिवसात चढायच्या वरच्या मर्यादेला, विकणारा कोणी नाही, म्हणून तर जास्तच हाव सुटली. मला मिळाला आणि आठवड्यातच 21 जानेवारी उजाडला. त्या दिवशी सेन्सेक्स 1,408 अंकांनी पडला. आम्ही म्हटलं, जाऊदे, तेल तर चढतंय. आणि खरंच जुलैत कच्चं तेल 147 डॉलरला पोचलं. माझा शेअर तोवर निम्म्यावर होता. पुढच्या काही वर्षांत कंपनीचे शेअर 6 कोटीचे 19 कोटी झाले. ब्लॉक तोच, विहीर तीच. शेवटी ट्रेडिंगच बंद पडलं. स्टेटमेंटमध्ये तो अजून दिसतो, किमतीच्या रकान्यात शून्य.

मामांचंही सगळं बरोबर नाही, एवढं सांगायला पाहिजे. सगळ्याच कंपन्या काही टोप्या घालणाऱ्या नसतात. राजस्थानात बाडमेरच्या ब्लॉकात शेल या बड्या तेल कंपनीचा हिस्सा केर्न या ब्रिटिश कंपनीनं 2002 मध्ये सव्वासात दशलक्ष डॉलरला घेतला, आणि 2004 च्या जानेवारीत तिथंच मंगला सापडलं, देशातल्या जमिनीवरच्या मोठ्या साठ्यांपैकी एक. पण तिथंसुद्धा पहिलं तेल निघायला 2009 चा ऑगस्ट लागला. ते तेल मेणचट. थंडीत खोबरेलाची बाटली जशी थिजते तसं ते साध्या हवेतच थिजतं. त्यासाठी गुजरातपर्यंत 600 किलोमीटरहून लांब तापवलेली पाइपलाइन टाकावी लागली. हे करायला खिसा लागतो. केर्न इंडियाचा इश्यू 2006 च्या डिसेंबरात 160 रुपयांना आला, तेव्हा तेल सापडून जवळजवळ तीन वर्षं झाली होती, तरी बाजारात शेअर इश्यूच्या भावाखालीच उघडला. मंगला एवढं मोठं असून हे. तुमच्या कंपनीला पाच वर्षं दम धरता येईल का?

आकडे फुगायला छोटीच कंपनी लागते असंही नाही. कृष्णा-गोदावरीच्या समुद्रात गुजरातच्या सरकारी कंपनीला 20 लाख कोटी घनफूट गॅस सापडल्याचं 2005 मध्ये जाहीर झालं होतं. पुढं मान्य झाला तो अंदाजे दहावा हिस्सा, आणि 2017 मध्ये त्यातला 80 टक्के वाटा ओएनजीसीनं घेतला. म्हणून बातमीत "इन प्लेस" शब्द असला की थांबा. ते जमिनीखाली आहे एवढंच सांगतात, वर किती येणार ते नाही. बऱ्याच ठिकाणी तिसरा हिस्सा वर आला तरी खूप. "प्रॉस्पेक्टिव्ह" म्हटलं असेल तर अजून ड्रिलही लागलेलं नाही, तो नारळ उभा राहिल्याचा मामला. "2P रिझर्व्ह", म्हणजे खात्रीचा आणि बहुधा निघेल असा साठा मिळून, लिहिलं असेल तर बसून बोलायला हरकत नाही.

तुमच्या मंडळींत कोणीतरी "गोकाककडं पण तेल आहे, सरकार लपवतंय" असं म्हणाल्याचं लिहिलंय. त्याचा उगम मला माहीत आहे. देशातल्या 26 गाळाच्या खोऱ्यांच्या यादीत भीमा-कलादगी हे नाव आहे, आणि गोकाकच्या धबधब्याखालचा खडक त्याच कलादगीचा. पण तो खडक इतका जुना की तेव्हा पृथ्वीवर मासासुद्धा नव्हता, आणि तिथनं आजवर धंद्याचं तेल निघालेलं नाही. धबधबा बघायला जरूर जा.

आणि शेअर नको म्हणून कोणी एमसीएक्सवर, म्हणजे वायदेबाजारात, क्रूडचा (कच्च्या तेलाचा) लॉट घ्या म्हणत असेल तर त्याला 20 एप्रिल 2020 विचारा. लॉकडाउनमुळं आपल्याकडं सौदे संध्याकाळी पाचलाच बंद, आणि रात्री अमेरिकेत भाव शून्याखाली गेला. इथं हिशेब उणे 2,884 रुपये बॅरलनं झाला. लॉट 100 बॅरलचा. आमच्या लाइनीतल्या एकानं संध्याकाळी "एवढ्या स्वस्तात पुन्हा मिळणार नाही" म्हणून एक घेतला होता. स्वस्त मिळाला तर मिळाला, वर दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार भरले.

माझं उत्तर: दोन लाख नको. मन ऐकतच नसेल तर वीस हजार घाला, गेले तर घरात सांगता येतील एवढेच. पण त्याआधी मागच्या तिमाहीचा निकाल आणि शेअरहोल्डिंगचा तक्ता एक्स्चेंजच्या साइटवरनं काढा, फुकट मिळतो. हातात रोख किती, पुढच्या विहिरीचा खर्च किती, तीन वर्षांत शेअर किती वाढले, प्रमोटरचे किती गहाण आहेत, आणि ऑडिटरनं "गोइंग कन्सर्न" बद्दल, म्हणजे कंपनी पुढं चालू राहील का याबद्दल, काही शंका लिहिलीय का, तेवढं बघा. कागद हातात घेऊन सरांसमोर बसा. रोख आणि खर्च जुळत नसतील तर ते काय म्हणतात ते मला जरूर कळवा, मलाही ऐकायचंय.