टिपरेंच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट डिजिटल कराव्यात का?

प्रश्न असा आहे : "वडिलांच्या कपाटात 'श्रीयुत गंगाधर टिपरे'चे भाग टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या दहा-बारा व्हीएचएस कॅसेट सापडल्या. मालिका ऑनलाइन मिळत असताना त्या डिजिटल करण्यात पैसे घालवावेत का? आणि आज ती मालिका बघवते का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. बघवते. आम्ही मागच्या वर्षी पुन्हा सगळी लावली आणि माझा मुलगा, ज्याला मराठी मालिका म्हटलं की खोलीतून उठून जायची सवय आहे, तो बसून राहिला. त्या घरात कुणी कुणाच्या दुधात काही मिसळत नाही, कुणी दाराआडून ऐकत नाही. आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडं एवढ्याच माणसांवर मालिका २००१ ते २००४ चालली. दिलीप प्रभावळकरांनी आपल्याच 'अनुदिनी' या पुस्तकातली माणसं पडद्यावर आणली आणि दिग्दर्शक केदार शिंदेंनी ती घाई न करता उभी केली. राजन भिसेंचा शेखर बाप आणि पोरगा यांच्या कात्रीत सापडलेला आहे आणि शुभांगी गोखलेंची श्यामल त्या सगळ्यांना एकत्र धरून ठेवते. मला तेव्हा नातवंडं, शिऱ्या आणि शलाका, आवडायचे. आता श्यामल आवडते, आणि तिच्या वाट्याला किती कमी कौतुक येतं याचा रागही येतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. मालिका सुरू झाली तेव्हा प्रभावळकर ५७ वर्षांचे होते. आबा, म्हणजे मालिकेतले आजोबा, म्हणून ते सत्तरी ओलांडलेले वाटतात, ते नुसत्या पांढऱ्या केसांमुळे नाही. खुर्चीतून उठताना आधी हात टेकणं, वाक्याच्या मध्येच थांबून शब्द शोधणं, आणि तरी घरात काय चाललंय याची सगळी खबर असणं, हे बघा. आमचे अण्णा, माझे वडील, १९४४ चेच, म्हणजे प्रभावळकरांच्याच वयाचे. त्यांनी दूरदर्शनवर शेजाऱ्यांकडे बसून प्रभावळकरांचा 'चिमणराव' बघितलेला होता. आबा पहिल्यांदा दिसले तेव्हा ते आईला म्हणाले होते, "अगं, चिमणराव म्हातारा झाला." हे आईने मला फोनवर सांगितलं, कारण तेव्हा माझं लग्न झालेलं होतं आणि मी नाशिकला होते. सासरी त्या वेळेला टीव्हीवर दुसरंच काहीतरी लागायचं आणि रिमोट माझ्या हातात नसायचा. त्याबद्दल आता तक्रार नाही, पण तसं होतं.

आता कॅसेटचं.

अण्णा रेल्वेत होते, पाळीची ड्यूटी. रात्रपाळीच्या आठवड्यात ते व्हीसीआरला टायमर लावून जायचे. घरी असले की समोर स्टूल घेऊन बसायचे, बोट पॉजच्या बटनावर. जाहिरात सुरू झाली की दाबायचं, संपली की सोडायचं. जाहिराती काढल्या की एक भाग बावीस मिनिटांच्या आसपास भरायचा, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटमध्ये आठ भाग. भरली की ते स्क्रू-ड्रायव्हरने तिचं लॉक तोडायचे, कडेची ती चिमुकली प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड व्हायला नको. मग लेबल. अण्णांची लेबलं म्हणजे नुसती नावं नव्हती. "८ भाग. चौथ्यात शेखरचं बरोबर आहे." "यात आबा जरा जास्त बोलले." "सातवा भाग लाईट गेल्याने अर्धा." भागाच्या शेवटी आबा रोजनिशी लिहायला बसतात ना, तसं आमच्या डोंबिवलीच्या घरात अण्णा लेबल लिहायला बसायचे.

२००३ च्या मार्चमध्ये वर्ल्ड कपची फायनल होती. दादाला ती रेकॉर्ड करायची होती आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. रविवार, दुकान बंद. त्याने अण्णांच्या शेल्फवरून एक भरलेली कॅसेट काढली, तोडलेल्या लॉकच्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि भारताची बॅटिंग सुरू झाल्यावर रेकॉर्डिंग चालू केलं. चिकटपट्टी लावली की यंत्राला वाटतं लॉक शाबूत आहे, हे ज्यांनी व्हीसीआर वापरला त्यांना सांगायला नको. सचिन पहिल्याच ओव्हरमध्ये चार रन करून गेला. सेहवाग ८२ वर रनआउट झाला तेव्हा दादाने उठून यंत्र बंद केलं. ऑस्ट्रेलियाच्या ३५९ समोर आपण २३४ वर आटोपलो, १२५ रननी हरलो. ती कॅसेट नंतर कुणी कधीच लावली नाही.

अण्णा काही बोलले नाहीत. आई म्हणाली, दोन दिवस त्यांनी स्टूलही बाहेर काढलं नाही. मी फोनवर दादाशी भांडले. त्याचं म्हणणं होतं, "परत लागतील की भाग. मालिका काय पळून जाते?" माझं म्हणणं होतं की दुसऱ्याच्या वस्तूचं लॉक तोडलेलं असतं ते त्याने ती बंद केलेली असते म्हणून. हे भांडण आमच्यात मिटलं नाही, फक्त त्याचा विषय निघेनासा झाला. २०११ मध्ये अण्णा गेले.

गेल्या वर्षी आमची डोंबिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि माळा रिकामा करायची वेळ आली. एकतीस कॅसेट निघाल्या. दादाने भंगारवाल्याला बोलावूनही ठेवलं होतं. "सगळं ऑनलाइन आहे, तेही स्वच्छ प्रिंटमध्ये. ही मुंग्या आलेली चित्रं घेऊन तू काय करणार?" मी काही न बोलता दोन पिशव्या भरल्या आणि रिक्षा केली.

घरी आणून एकेक पुसत होते. त्यातल्या एकीवर अण्णांच्या अक्षरात होतं, "वर्ल्ड कप फायनल, २३ मार्च २००३". जुना गोंद वाळलेला असतो, बोट लागताच ते लेबल सुटून हातात आलं. खाली पहिलं लेबल तसंच होतं. "टिपरे. ८ भाग. तिसरा बेबी आली की दाखवणे."

बेबी म्हणजे मी.

ती कॅसेट मी मुलाकडून लावून घेतली. दोन तास मॅच, मग पडद्यावर सेकंदभर बर्फ, आणि मग मध्येच आबा, वाक्याच्या मधोमध. सहाव्या भागाचा शेवट, सातवा, आठवा. तिसरा गेला.

म्हणून कुणी मला म्हणालं की सगळं ऑनलाइन आहे, तर मी म्हणते, हो, आहे. प्रत्येक भाग आहे. त्यातला माझा कुठला, तेवढं ऑनलाइन नाही. लेबलावर तारीख नाही, भागाचा क्रमांक नाही. अण्णांना त्यात काय दिसलं होतं ते विचारायला अण्णा नाहीत, आणि मला तर तेव्हा असं काही ठेवलंय हेच माहीत नव्हतं. दिवाळीला माहेरी गेले होते, तेव्हा त्यांनी शेल्फकडे बघून "राहू दे" म्हटलेलं मात्र आठवतं. आता मी सगळे भाग बघते आहे, सासरचा किंवा मुलीचा विषय निघाला की थांबते, आणि पुढे जाते. उरलेल्या सातव्या-आठव्यावरून मागे मोजत गेले तर शक्यता पाच-सहा भागांवर येऊन ठेपली आहे, पण अण्णांचा रात्रपाळीचा आठवडा मध्ये आला असेल तर हिशोब चुकतो.

तर डिजिटल करा. पैसे घालवावेत का असं विचारताय, घालवा. कसं करायचं ते थोडक्यात.

पावसाळी हवेत राहिलेल्या कॅसेटच्या टेपवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट तशीच यंत्रात घातली तर हेड खराब होतो आणि नंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटही बिघडतात. आधी सगळ्या कॅसेट खिडकीतून उजेडात बघा, बुरशीवाल्या वेगळ्या काढा. कन्व्हर्ट करून देणाऱ्या दुकानात पहिली एकच कॅसेट द्या, तीही सर्वांत कमी महत्त्वाची. आमच्या इथल्या एका दुकानात माझी पहिलीच अडकली आणि त्यांनी टेप कापून जोडली, तीही उलटी. तेव्हा मी जुना व्हीसीआर विकत घेतला आणि मुलाने कॅसेटचं चित्र संगणकात उतरवणारं यूएसबीचं कॅप्चर यंत्र जोडून दिलं. नवा व्हीसीआर मिळणार नाही, जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये शेवटचं उत्पादन थांबवलं. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, घाई करता येत नाही. चित्र डोलत असेल तर व्हीसीआरवरचं ट्रॅकिंगचं बटन फिरवून बघा. आणि कृपा करून चौकोनी चित्र आजच्या रुंद पडद्यावर ताणून बसवू नका, आबा आडवे दिसतात आणि ते त्यांना शोभत नाही.

टायमरवर रेकॉर्ड झालेल्या कॅसेटमध्ये जाहिराती राहिलेल्या असतील. त्या कापू नका. आमच्याकडे त्याच कॅसेट आता सगळे मागून घेतात, कारण त्यात वाहिनीचं, म्हणजे आजच्या झी मराठीचं, 'अल्फा मराठी' हे जुनं नाव आहे आणि मधली ती चार मिनिटं आहेत जी कुणीच जपून ठेवली नाहीत.

हे सगळं मी ज्यांच्या कॅसेटवर काहीतरी लिहिलेलं आहे त्यांच्यासाठी म्हणते. तुमच्या वडिलांनी लेबलं लावली नसतील, नुसतेच भाग असतील, तर दादाचं म्हणणं तुमच्यापुरतं खरं आहे, ऑनलाइन बघा, प्रिंट खरंच चांगली आहे. उतरवलेले भाग यूट्यूबवर चढवू नका, मालिका वाहिनीची आहे, आपली नाही. आणि बुरशी खूपच असेल तर स्वतः काही करू नका.

दादा चांगला माणूस आहे, अण्णांच्या आजारपणात सगळं त्यानेच केलं, मी नाशिकहून येऊन जाऊन होते. हे लिहायलाच हवं. पण त्या चिकटपट्टीचं मी अजूनही बरोबर म्हणणार नाही, आणि मागच्या आठवड्यात त्याला खालच्या लेबलाचा फोटो पाठवला तेव्हा त्याने फोन केला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, त्या वेळी घरात अण्णा कुठला भाग पुन्हा पुन्हा लावायचे ते आठवायचा प्रयत्न करतो. त्याला एक आठवला आहे, शलाकाचा. तो मी आज रात्री बघणार आहे.

तुम्ही मात्र कॅसेटला हात लावायच्या आधी लेबलांचे फोटो काढा. दोन्ही बाजूंचे, आणि जिथे कागद जाड वाटेल तिथे खालचंही बघा.