रोममध्ये चार दिवस: पिसा आणि पॉम्पेई काढा, दुपारी मोकळ्या ठेवा

तुमचा बेत नीट वाचला. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, नोव्हेंबरचा पहिला आठवडा, तुम्ही आणि वहिनी, रोममध्ये चार पूर्ण दिवस. पहिल्या दिवशी कलोसियम, फोरम (जुन्या रोमचा मुख्य चौक), ट्रेवीचं कारंजं. दुसऱ्या दिवशी व्हॅटिकन आणि पॅन्थिऑन (घुमटाचं प्राचीन रोमन देऊळ). तिसऱ्या दिवशी फ्लॉरेन्स-पिसा. चौथ्या दिवशी पॉम्पेई, ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं शहर. वहिनी शाकाहारी आहेत आणि जिने जास्त झाले की त्यांचा गुडघा दुखतो. हे सगळं जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

जमेल. रेल्वेगाड्या चांगल्या आहेत, पहाटे निघून रात्री परत येता येतं. पण माझं ऐकाल तर तिसरा आणि चौथा दिवस या बेतातून काढून टाका आणि चारही दिवस रोमलाच द्या. फ्लॉरेन्स जाऊन-येऊन तीन तास, त्यात पिसा घातलं की आणखी दोन. म्हणजे पंचविसाव्या वाढदिवसाच्या सहलीतला एक अख्खा दिवस स्टेशनं आणि घड्याळ बघण्यात जाणार. पॉम्पेईला तर दिवसभर दगडी रस्त्यांवरून चालायचं आहे, दुखऱ्या गुडघ्याला ते फार होईल.

हे मी दोन्ही अनुभव घेऊन सांगतेय. 2014 मध्ये आम्ही एका ग्रुप टूरबरोबर गेलो होतो. रोमच्या वाट्याला दीड दिवस आला. कलोसियम बाहेरून, पंधरा मिनिटं फोटोला, चला बसमध्ये. 2023 मध्ये दोघंच गेलो, सहा दिवस राहिलो, आणि रोज फक्त एक गोष्ट ठरवून बाहेर पडलो. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते: रोज सकाळी तिकिटाची एकच मोठी जागा, दुपारी खोलीवर येऊन पाय वर करून पडायचं, आणि चारनंतर पुन्हा बाहेर. नोव्हेंबरमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, फोरमसारख्या उघड्यावरच्या जागा त्याआधीच बंद होतात. पण गावातले चौक, कारंजी, चर्चच्या दर्शनी भिंती दिवे लागल्यावर जास्त सुंदर दिसतात, तेव्हा ती वेळ वाया जात नाही.

दुपारी खोलीवर यायचं तर खोली मध्यात हवी. पॅन्थिऑन, पियाझ्झा नवोना, कांपो दे फिओरी हा भाग सपाट आहे आणि निम्मं रोम तिथून पायी होतं. तेर्मिनी स्टेशनजवळ स्वस्त पडतं हे खरं, पण प्रत्येक वेळी बस किंवा मेट्रो आली. वाचलेले पैसे आणि गेलेली ताकद यांचा हिशोब तुम्ही दोघांनी करा. बुकिंग करताना लिफ्ट आहे का हे स्पष्ट विचारा. जुन्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावरचं बी-अँड-बी म्हणजे साठ-सत्तर पायऱ्या असू शकतात. शिवाय हॉटेलात दरडोई, दर रात्रीचा शहरकर वेगळा भरावा लागतो, तो बुकिंगच्या रकमेत बहुतेक वेळा धरलेला नसतो. विमानतळावरून टॅक्सीचं भाडं जुन्या तटाच्या आत कुठेही ठरलेलं असतं, आणि ते गाडीमागे असतं, माणसामागे नाही. दोघांना सामानासकट तेच बरं. ट्रेन 32 मिनिटांत तेर्मिनीला पोचवते, पण पुढे काळ्या चौकोनी दगडांच्या रस्त्यावरून चाकांची बॅग ओढत नेणं हे मनगटाचं काम आहे.

पहिला दिवस कलोसियम आणि फोरम. हे एकच तिकीट असतं. ते अधिकृत साइटवरच काढा, तारखेच्या साधारण महिनाभर आधी विक्री सुरू होते आणि चांगल्या वेळा लवकर जातात. तिकिटावर नाव छापलेलं असतं, म्हणून पासपोर्टवर आहे अगदी तसंच नाव भरा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. सकाळची पहिली किंवा दुसरी वेळ घ्या. आतले जिने उंच पायऱ्यांचे आहेत, पण लिफ्ट आहे, वहिनींचा गुडघा दाखवून विचारायला अजिबात संकोच करू नका. भिंतींना जागोजागी खळगे दिसतील. इ.स. 80 मध्ये ही इमारत खुली झाली तेव्हा दगड एकमेकांना लोखंडी पट्ट्यांनी जोडलेले होते. पुढे लोकांनी ते लोखंड उकरून नेलं, त्याच्या या खुणा. आणि एका बाजूची बाहेरची भिंतच गायब आहे, ती 1349 च्या भूकंपात कोसळली आणि तिचा दगड गावातल्या दुसऱ्या बांधकामांना गेला.

फोरममध्ये सगळं बघायचा हट्ट धरू नका. जमीन फार उंचसखल आहे. पण एक जागा चुकवू नका: रोमन सम्राट अँटोनायनस आणि त्याची राणी फॉस्टिना यांचं देऊळ. समोर दहा उंच खांब, त्यांच्या मागे चर्चचा दर्शनी भाग, आणि त्या चर्चचं दार जमिनीपासून कितीतरी वर, हवेत लटकल्यासारखं. त्या दारातून कोणी बाहेर आलं तर थेट खाली पडेल. ते दार केलं तेव्हा जमीन त्याच पातळीला होती, कारण शतकानुशतकं गाळ आणि राडारोडा साचून फोरम बुजला होता. नंतर उत्खननात तो काढला आणि दार वर राहिलं. आम्ही तिथे अर्धा तास एका दगडावर बसून ते बघत होतो. पुस्तकात वाचलेलं ‘काळ’ म्हणजे काय ते मला त्या दारापाशी दिसलं.

तिथून जवळच सम्राट मॅक्सेंशियसच्या बॅसिलिकाच्या, म्हणजे मोठ्या सभागृहाच्या, तीन प्रचंड कमानी आहेत. त्यांच्या खाली त्याआधीची मिरीची कोठारं होती. ही मिरी आपल्याकडून, मलबार किनाऱ्यावरून जायची. तेव्हाच्या व्यापाऱ्यांच्या ग्रीक टिपणांत कल्याण, सोपारा आणि तेर यांचीही नावं आहेत, आणि कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची रोमन धाटणीची कांस्यमूर्ती निघाली, ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. जायच्या आधी किंवा आल्यावर ती बघून या, फोरमशी आपलं नातं एकदम जवळचं वाटायला लागतं.

व्हॅटिकन दुसऱ्या दिवशी ठेवा, पण आधी वार बघा. संग्रहालय रविवारी बंद असतं (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, आणि त्या दिवशी प्रवेश मोफत म्हणून गर्दी असह्य होते). 1 नोव्हेंबरलाही बंद असतं, हे तुमच्या तारखांना लागू आहे. बुधवारी सकाळी पोपची सभा असली की सेंट पीटर्सच्या चौकात आणि चर्चमध्ये जाणं अवघड होतं. संग्रहालयाचं दार चौकात नाही, भिंतीला वळसा घालून पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर आहे. पुष्कळ लोक चौकात येऊन उभे राहतात आणि वेळ चुकवतात. आतली वाट लांबलचक आहे. सिस्टिन चॅपलपर्यंत पोचेपर्यंत पाय बोलायला लागतात, म्हणून आधीच्या दालनांत मन घट्ट करून थोडं सोडून द्या. चॅपलमध्ये भिंतीलगत बाकं आहेत. तिथे जागा मिळेपर्यंत थांबा आणि मग बसूनच छत बघा. फोटो काढू देत नाहीत, हे फार बरं आहे. मायकेलअँजेलोने ते छत 1508 ते 1512 मध्ये रंगवलं आणि समोरच्या भिंतीवरचं ‘अंतिम निवाडा’ त्यानंतर वीसेक वर्षांनी हाती घेतलं. दोन्हींतला माणूस वेगळा आहे, छतावर उमेद आहे आणि भिंतीवर भीती. सेंट पीटर्समध्ये प्रवेश मोफत, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. घुमटावर 551 पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी पुढे 320 उरतात, तेव्हा वहिनींना खाली ‘पिएता’पाशी, मायकेलअँजेलोच्या मेरी आणि येशूच्या शिल्पापाशी, थांबू द्या.

त्या दिवशी आणखी काही नको. पॅन्थिऑन तुमच्या घराजवळ असेल, तिथे केव्हाही जाता येईल.

तिसरा दिवस तुमच्या यादीत नसलेल्या जागेला द्या: बोर्गेझे गॅलरी. वाढदिवसाची तारीख या चारांत येत असेल तर त्याच दिवशी. दोन तासांची वेळ आधी राखून ठेवावी लागते, आत मोजकीच माणसं सोडतात, सोमवारी बंद. शिल्पकार बेर्निनीची ‘अपोलो आणि डॅफ्नी’ तिथे आहे. अपोलो देव मागे लागलाय आणि डॅफ्नी पळता पळता झाड होतेय. समोरून बघितलं की दोन माणसं दिसतात. हळूहळू बाजूने फिरा. तिच्या बोटांची टोकं पानं झाली आहेत, पायाच्या अंगठ्यातून मुळं फुटून जमिनीत चालली आहेत, मांडीवर साल चढतेय. संगमरवराची पानं इतकी पातळ की त्यांतून उजेड झिरपतो. शेजारच्या दालनात पाताळाचा देव प्लूटो याने प्रॉसर्पिनाला उचललंय आणि त्याची बोटं तिच्या मांडीत रुतली आहेत, पिठाच्या गोळ्यात रुतावीत तशी. हा दगड आहे हे मनाला पटत नाही. बेर्निनी तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता. बाहेर मोठी बाग आहे, तिथे बाकावर बसून घरून नेलेला चिवडा खाल्लात तर दुपार मजेत जाईल.

चौथ्या दिवशी तिकिटाचं फक्त पॅन्थिऑन (2023 पासून तिथे शुल्क आहे). घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची एकच, साधारण 43 मीटर, म्हणजे आत एक पूर्ण चेंडू बसेल. वर मधोमध उघडं भोक आहे. नोव्हेंबर पावसाचा महिना, सर येईल तेव्हा धावत पॅन्थिऑनमध्ये जा. आम्हाला तो योग आला. पाऊस सरळ आत पडतो, एका गोल खांबासारखा, आणि आवाज जवळजवळ नाही. जमीन मधोमध किंचित फुगीर आहे, पाणी बाजूला सरकतं आणि फरशीतल्या छोट्या भोकांतून निघून जातं. सम्राट हेड्रियनच्या काळापासून, म्हणजे जवळपास 1900 वर्षं, हे असंच चाललंय.

तिथून पाच मिनिटांवर सान लुईजी देई फ्रांचेझी हे चर्च आहे. प्रवेश मोफत, डाव्या हाताच्या शेवटच्या कोनाड्यात चित्रकार काराव्हाज्जोची तीन चित्रं. कोनाडा अंधारात असतो, पेटीत नाणं टाकलं की काही वेळ दिवा लागतो. ह्यांनी नाणं टाकलं आणि त्या अंधारातून येशूचा हात पुढे आला, जकातीचे पैसे मोजणाऱ्या मॅथ्यूकडे बोट दाखवणारा. दिवा विझला, सगळे गप्प उभे राहिले, मग दुसऱ्या कोणीतरी नाणं टाकलं. सुटी नाणी खिशात ठेवा. ट्रेवीला त्याच संध्याकाळी उशिरा जा. त्यात पडलेली नाणी गरिबांच्या मदतीला जातात, आणि पाणी येतं ते इ.स.पू. 19 मध्ये अग्रिपाने बांधलेल्या जलमार्गाचं.

पाणी विकत घेऊ नका. रस्त्यात जागोजागी लोखंडी नळ आहेत, त्यांना नासोनी म्हणतात, नाकाड्या. खाली वाकायची गरज नाही. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून कारंजं उडतं आणि उभ्या उभ्या पिता येतं. पाणी थंडगार आणि गोड.

आता वहिनींच्या जेवणाचं, कारण ‘इटलीत काय, पिझ्झा-पास्ता मिळतोच’ असं लोक म्हणतात आणि तिथेच फसतात. रोमच्या नावाजलेल्या पास्तांपैकी कार्बोनारा, अमात्रिचाना, ग्रीचा या तिन्हींत डुकराचं मांस असतं. ‘काचो ए पेपे’ मागा: चीज आणि काळी मिरी, बस्स. मात्र त्यातलं पेकोरिनो कोकराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. वहिनींना ते चालत नसेल तर ‘पिझ्झा मारिनारा’, त्यात चीजच नसतं, टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो. पुंतारेल्ले नावाची कुरकुरीत हिरवी भाजी याच दिवसांत येते, पण तिच्यावर बारीक माशाचं वाटण घालतात, ते नको म्हणून सांगावं लागतं. ‘सेंझा कार्ने, सेंझा पेशे’, मांस नको, मासा नको, हे पाठ करा. ज्यू वस्तीतलं तळलेलं आर्टिचोक फार नावाजलेलं आहे, पण त्याचा खरा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. तुमच्या दिवसांत रस्त्यावर भाजलेली चेस्टनट मिळतील, ती घ्या. दुपारी वजनावर मिळणारा चौकोनी पिझ्झा हे सगळ्यांत सोपं जेवण, हाताने दाखवायचं ‘एवढा’ आणि ते कापून देतात. अगदीच वरणभाताची आठवण झाली तर पियाझ्झा व्हित्तोरिओजवळच्या एस्क्विलीनो बाजारात मिरची, कोथिंबीर, डाळी सगळं मिळतं, आसपास भारतीय आणि बांगलादेशी दुकानं आहेत. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायली तर टेबलापेक्षा बरीच स्वस्त पडते.

खिशांबद्दल सांगितलंच पाहिजे. व्हॅटिकनकडे जाणाऱ्या गच्च बसमध्ये ह्यांच्या मागच्या खिशातलं पाकीट गेलं. कळलंसुद्धा नाही. पासपोर्ट वहिनींच्या आडव्या पर्समध्ये पुढे, एक कार्ड तुमच्याकडे आणि एक त्यांच्याकडे, असं वाटून ठेवा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि दिवाळीच्या सुट्टीच्या वेळा लवकर भरतात, तेव्हा थांबू नका. विमा किमान 30,000 युरोचा लागतो.

शेवटच्या संध्याकाळी टॅक्सीने अव्हेंटाइन टेकडीवर संत्र्यांच्या बागेत जा. वर चढ चालायला लावू नका वहिनींना. सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, म्हणून चारला पोचा. कठड्यापाशी उभं राहिलं की खाली टायबर नदी आणि पलीकडे सेंट पीटर्सचा घुमट दिसतो. तिकीट नाही, रांग नाही. तारखा पक्क्या झाल्या की वारासकट इथे लिहा, कुठला दिवस कुठे बसवायचा ते मी बघून सांगते.