तळमजल्यावर दरवर्षी पाणी शिरतं, लादी कोणती बसवावी?

तुमचं घर कळव्यात तळमजल्यावर, दर पावसाळ्यात एकदा तरी घोटाभर पाणी आत येतं, आणि दुकानदार लाकडासारखं दिसणारं एसपीसी फ्लोअरिंग ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ म्हणून दाखवतोय. ते घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर घेऊ नका.

आम्ही ठाण्यात, नौपाड्यात चिखलवाडीजवळ राहतो, तेही तळमजल्यावर. लग्न होऊन आले आणि दुसऱ्याच पावसाळ्यात २६ जुलै २००५ उजाडला. घरात गुडघ्याच्या वर पाणी होतं. ते उतरल्यावर सासूबाईंनी आणि मी जुन्या मोझेक लाद्या खराट्याने घासून धुतल्या, आणि आठवड्याभरात जमीन होती तशी झाली. पुढे बऱ्याच वर्षांनी मुलाच्या खोलीत हौसेने लॅमिनेट, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांची जमीन घातली. त्या ऑगस्टमध्ये जेमतेम चार बोटं पाणी आलं आणि रात्रभर राहिलं. तिसऱ्या दिवशी पट्ट्या जोडांपाशी पापडासारख्या फुगून वर आल्या होत्या. एक उचलून बघितली तर खालच्या फोममध्ये गटाराचं पाणी तसंच साचलेलं. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

लॅमिनेटच्या पोटात लाकडाचा दाबलेला भुसा असतो, म्हणून ते फुगतं. एसपीसी दगडाची भुकटी आणि पीव्हीसीचं असतं, ते फुगत नाही. दुकानदार तेवढं खरं सांगतोय. पण ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे वरून पेलाभर पाणी सांडलं तर काही होत नाही, एवढंच. पुराचं पाणी भिंतीकडेच्या फटीतून पट्ट्यांच्या खाली जातं आणि तिथून निघायला वाट नसते. ते काढायचं तर सगळं उकलायचं, आणि उकलताना पट्ट्यांच्या खाचा तुटतात. चिकटवायच्या व्हायनिल शीटचंही तेच, वर गोंद सुटतो.

तुमच्यासारख्या घरात कोटा दगड किंवा व्हिट्रिफाइड टाइल, या दोनच गोष्टींचा विचार करा. व्हिट्रिफाइड लादी पाणी ०.५ टक्क्यांपेक्षाही कमी शोषते. भिंतीची साधी सिरॅमिक १० टक्क्यांच्या वर शोषते, म्हणून उरलेल्या भिंतीच्या टाइल्स कुणी जमिनीला लावू म्हणालं तर ऐकू नका. व्हिट्रिफाइडमध्येही चकचकीत नको, मॅट घ्या. पाणी ओसरताना गाळाचा पातळ थर मागे राहतो आणि त्यावर पाय सरकतो. आमच्या सासूबाईंचं मनगट असंच मोडलं. माझी स्वतःची पसंती कोट्याला. जाड दगड, आणि दहा वर्षांनी काळवंडला तर मशीन फिरवून पुन्हा घोटून घेता येतो. फक्त त्याला ॲसिड चालत नाही. तो चुनखडीचा दगड आहे, ॲसिड पडलं की खातं.

पण खरं सांगू का, लादीपेक्षा ती बसवणाऱ्या माणसाकडे जास्त लक्ष द्या. आमच्या पहिल्या मिस्त्रीने स्वयंपाकघरात प्रत्येक टाइलच्या पाठीला चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे ॲडेसिव्हचे गोळे थापले आणि टाइल दाबून दिली. वरून सुंदर दिसत होतं. पाणी येऊन गेल्यावर त्या गोळ्यांमधल्या पोकळीत ते साचलं आणि जोडांतून कित्येक दिवस काळपट पाणी पाझरत राहिलं. रुपयाच्या नाण्याने ठोकत गेले, तर भरीव जागी ‘टक’ वाजायचं आणि बाकी सगळीकडे ‘ढब’. दुसऱ्या वेळी मी स्टूल टाकून समोर बसले. ॲडेसिव्ह खाचांच्या पत्र्याने पूर्ण जमिनीवर ओढून घेतलं, मोठ्या टाइलला पाठीलाही लावलं, आणि अधूनमधून एखादी बसवलेली टाइल लगेच उचलून पाठ पूर्ण भरली आहे का ते पाहिलं. मिस्त्री वैतागला, पण काम चोख झालं.

टाइलला टाइल चिकटवून बसवू देऊ नका. मधे स्पेसर, म्हणजे प्लास्टिकचे छोटे तुकडे, घालून २-३ मिलिमीटर फट ठेवा आणि ती इपॉक्सी ग्राउटने, म्हणजे फटी भरायच्या इपॉक्सीच्या मसाल्याने भरा. साध्या सिमेंटच्या ग्राउटपेक्षा कितीतरी महाग पडतं, पण गटाराचं पाणी सिमेंटने भरलेल्या फटींत मुरतं आणि मग घर पुसून पुसून वास जात नाही. भिंतीच्या तळाशी लावतात त्या चार इंचांच्या पट्टीवर, म्हणजे स्कर्टिंगवरही थांबू नका. भिंतीवर गेल्या पाण्याची खूण असेल, तिच्या वर वीतभर टाइल चढवा. प्लगचे बोर्डही त्याच्या वर न्या. लाकडी चौकटी बदलणारच असाल तर ग्रॅनाइटच्या करा.

आणि लादी फोडण्याआधी पाणी येतं कुठून ते बघा. आमच्याकडे ते दारातून यायच्या आधी मोरीतून वर यायचं. मुसळधार पाऊस आणि खाडीला मोठी भरती एकदम आली की गटाराचं पाणी पुढे जातच नाही, उलटं फिरतं आणि मोरीच्या जाळीखालच्या नाणी ट्रॅपमधून बुडबुडे येतात. जमीन उघडी असतानाच पाणी बाहेर जाऊ देणारा पण उलटं आत येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह पाइपात बसवून घ्या, नंतर पुन्हा फोडावं लागेल. मात्र वरच्या मजल्यांचं सांडपाणी त्याच पाइपात उतरत असेल तर व्हॉल्व्हची जागा जाणत्या प्लंबरला ठरवू द्या. चुकीच्या जागी बसला तर वरच्यांचंच पाणी तुमच्या मोरीतून वर येईल. नवीन जमिनीला मोरीकडे किंचित ढाळही ठेवायला सांगा. पाणी उतरल्यावर खराट्याने लोटताना त्याची किंमत कळते.

धुताना आधी गाळ ओला असतानाच काढा, वाळला की ओरखडे पडतात. मग साबणाचं पाणी, मग ब्लीचिंग पावडरचं. पायात गमबूट आणि हातात मोजे असू द्या, पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टो तापाचा धोका असतो. ब्लीचिंग आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

टाइल घेतलीत तर एक-दोन बॉक्स जास्तीचे घेऊन माळ्यावर ठेवा. बॉक्सवरचा शेड आणि बॅच नंबर लिहिलेला तुकडा कापून बिलाला टाचून ठेवा, चार वर्षांनी तोच रंग दुकानात मिळत नाही.